नाताळ तोच, उमेद तीच. मग दम का लागतो?

डिसेंबर उजाडला की वसईतल्या, मुंबईच्या गावठाणांतल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत एक कोडं पडतं. पंचेचाळिशीत जी बाई एका बैठकीत दोन किलो मैद्याची कुलकुलं वळून तळायची, दुसऱ्या दिवशी दोदोल घोटायची, तिसऱ्या दिवशी करंज्या करायची, मधल्या वेळात पडदे धुऊन टाकायची आणि वर मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ताजीतवानी हजर असायची, तीच बाई बहात्तराव्या वर्षी पहिला घाणा निघाला की स्टूल ओढून बसते. तिला म्हणावा असा आजार नाही. बाजारहाट ती करते, रविवारची मिस्सा चुकवत नाही, नातवाला शाळेतून आणते. मग नाताळच्या आठवड्यातच अंगातलं त्राण जातं कुठे?

घरच्यांचं उत्तर तयार असतं: ‘वय झालं.’ खरं आहे, पण त्यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही. वयाने शरीरात नेमकं काय बदलतं हे समजलं, तर नाताळच्या तयारीतलं काय सोडायचं, काय हातात ठेवायचं आणि कशाचा फक्त क्रम बदलायचा, हे ठरवता येतं. मला वाटतं, हे ठरवणं अंग टेकायची वेळ येण्याआधी व्हायला हवं आणि ते तिनेच ठरवायला हवं.

काम तेवढंच, हिस्सा मोठा

कोणतंही काम करताना स्नायू ऑक्सिजन वापरतात. अगदी ऊर फुटेस्तोवर धावलं तर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरता येईल, याला प्रत्येकाच्या शरीराची एक मर्यादा असते. ही झाली त्या माणसाची कमाल क्षमता. तिशीनंतर ती दर दहा वर्षांनी साधारण 10 टक्क्यांनी घटत जाते आणि सत्तरीनंतर ही घसरण आणखी वेग घेते.

यामागे तीन गोष्टी आहेत. पहिली, हृदयाचा सर्वाधिक वेग उतरतो. 220 मधून वय वजा करायचं, असा त्याचा ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे पंचेचाळिशीत मिनिटाला 175 ठोके, तर बहात्तरीत 148. दुसरी, रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यामुळे तेवढंच रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तिसरी गोष्ट स्नायूंची. तिशीनंतर दर दशकात 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हे प्रमाण वाढतं. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. म्हणून हात वरवर तसाच दिसतो, पण भरलेला टोप उचलताना जाणवतं.

आता खरा मुद्दा. स्वस्थ बसलेल्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते तिला 1 मेट म्हणतात. विशी-तिशीतल्या निरोगी बाईची कमाल क्षमता साधारण 10 मेटच्या आसपास असते. सत्तरीत ती 5-6 वर आलेली असते. ओट्याशी उभं राहून जोमाने स्वयंपाक करायला 3 मेट लागतात असं धरू. तरुणपणी हे काम क्षमतेच्या 30 टक्के होतं, आता तेच निम्म्याच्या पुढे गेलं. आठ तासांच्या कष्टाच्या कामाचा अभ्यास करणारे सांगतात की दिवसभर न थकता काम करायचं तर ते कमाल क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या आत असावं. तरुणपणी सगळा स्वयंपाक त्या रेषेच्या आत बसत होता. आता रेषा खाली आली आणि काम होतं तिथेच राहिलं. रोजची कामं थोडी थोडी आणि थांबत थांबत होतात म्हणून हे कळत नाही. नाताळच्या आठवड्यात मात्र सगळं सलग येतं आणि लगेच कळतं.

> चौकट: कोणतं काम किती जड?
> (आकडे अंदाजे; स्वस्थ बसणं = 1 मेट)
>
> बसून हलकं हातकाम: दीडच्या आसपास
> उभं राहून स्वयंपाक: 2 ते साडेतीन
> झाडणं, पुसणं: अडीच ते साडेतीन
> गुडघ्यांवर बसून फरशी घासणं: साडेतीन आणि जोर लावला तर त्याहून बरंच जास्त
> सावकाश जिना चढणं: 4
> सामानाच्या पिशव्या घेऊन जिना चढणं: साडेसात
>
> शेवटचा आकडा आणि सत्तरीतली 5-6 ची मर्यादा शेजारी ठेवून पाहा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्या आजींनी नाताळचं सामान स्वतः वर आणू नये, ते यासाठी.

विहिरीचा झरा

वसईच्या वाडीतली जुनी विहीर डोळ्यासमोर आणा. पावसाळा सरताच तिला पाणी भरपूर आणि झराही जोरात. पंप दिवसभर चालवला तरी तळ दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याच विहिरीवर तासभर पंप चालवला की गाळ वर यायला लागतो. विहीर आटलेली नसते, झरा मंद झालेला असतो. अशा वेळी जाणता माणूस अर्धा तास पाणी काढतो, मग थांबतो, पाणी साचू देतो आणि पुन्हा काढतो. दिवसाअखेर त्याची बागही भिजलेली असते.

उतारवयातल्या शक्तीचं हेच गणित आहे. किती काम केलं यापेक्षा किती वेगाने आणि मध्ये किती थांबून केलं, यावर थकवा ठरतो. दोन तास सलग उभं राहून केलेलं काम आणि तेच काम अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार टप्प्यांत, मध्ये बसून, पाणी पिऊन केलेलं, यांत शरीराच्या लेखी मोठं अंतर आहे. म्हणून विसावा दम लागायच्या आधी घ्यायचा. पूर्ण दमल्यावर बसलं तर सावरायला कितीतरी जास्त वेळ जातो.

झरा मंद होण्याची कारणंही ठाऊक झाली आहेत. श्रमाने झिजलेला स्नायू दुरुस्त व्हायला म्हातारपणी जास्त वेळ लागतो, कारण जेवणातल्या प्रथिनांना स्नायू पूर्वीसारखा लगेच प्रतिसाद देत नाही. त्यात नाताळच्या घाईत स्वयंपाक करणारीचं स्वतःचं जेवण म्हणजे चहा आणि चाखून पाहिलेले दोन तुकडे. डाळ, अंडं, मासे, दही यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात तिच्या पोटात जायलाच हवं. झोपही बदललेली असते. गाढ झोपेचा वाटा वयाबरोबर कमी होतो आणि पहाटे लवकर जाग येते. त्यामुळे आदल्या दिवशीचा शीण सकाळी पूर्ण उतरलेला नसतो. लागोपाठ तीन दिवस मोठी कामं काढली की तिसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, ते यामुळे.

दोदोल घोटताना काय होतं

नाताळच्या सगळ्या पदार्थांत दोदोल सर्वांत कष्टाचा. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ जाड बुडाच्या कढईत एकत्र करून मंद आचेवर ठेवायचं आणि घोटत राहायचं. सुरुवातीला ते पातळ असतं, डाव सहज फिरतो. तास-दीड तासाने मिश्रण आळायला लागतं आणि डाव जड होतो. नेमकं तेव्हाच थांबता येत नाही, कारण क्षणभर हात थांबला तरी बूड लागतं. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा होऊ लागलं आणि नारळाचं तेल सुटून वर चकाकायला लागलं, की दोदोल झाला. तोवर घोटणाऱ्या बाईच्या शरीरावर तीन ओझी एकदम पडलेली असतात.

पहिलं ओझं हातांचं. पायांनी केलेल्या कामापेक्षा तेवढंच काम हातांनी केलं तर हृदयाचा वेग आणि रक्तदाब जास्त चढतो. डाव घट्ट धरून ठेवण्याने त्यात भर पडते. दुसरं ओझं आचेचं. गरमीत अंग थंड ठेवायला शरीर त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतं, त्यामुळे रक्त कातडीकडे वळतं. तिसरं, एका जागी उभं राहण्याचं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की ते पायांत साचतं. तरुण शरीर हा बदल चटकन सांभाळून घेतं. वाढत्या वयात ही सांभाळणारी यंत्रणा सुस्त होते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर आणखीच. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि समोर उकळती कढई असते. त्यात म्हातारपणी तहानेची जाणीवही बोथट झालेली असते, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं.

यावरचे उपाय याच तीन ओझ्यांतून निघतात. दोदोल अर्ध्या मापाचा करायचा. मिश्रण आळायला लागलं की घोटणारे हात दर दहा मिनिटांनी बदलायचे आणि त्यासाठी घरातल्या तरुण मुलांना आधीच सांगून ठेवायचं. आजींनी कढईपासून जरा लांब खुर्चीत बसायचं, हाताशी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि नजर कढईवर. तेल सुटलं की नाही, आणखी किती घोटायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? दंड नातवाचा आणि नजर आजींची, अशी ही वाटणी. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही.

डोकं आणि डोळेही दमतात

थकव्याचा एक भाग स्नायूंचा नसतोच. ओव्हनमध्ये केक, गॅसवर पाक, दाराशी पाहुणा, फोनवर परदेशातला मुलगा: इतक्या गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवायची किंमत वयाबरोबर वाढते. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना मेंदूला जास्त वेळ आणि जास्त प्रयत्न लागतो. एक काम हातावेगळं करून मग दुसरं घेतलं, कामांची यादी कागदावर लिहून भिंतीला लावली आणि प्रत्येक घाण्याला घड्याळाचा गजर लावला, तर संध्याकाळी डोकं एवढं शिणत नाही.

डोळ्यांचं तर बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बाहुली लहान झालेली आणि भिंग पिवळसर पडलेलं असल्याने साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणून बारीक काम दिवसा, खिडकीपाशी. आणि नाताळचा तारा टांगायला साठीपुढच्या कुणीही शिडीवर चढू नये. तोल सांभाळायला डोळे, कानातलं संतुलनाचं इंद्रिय आणि पायांकडून येणारी जाणीव असे तिघे लागतात, आणि या वयात तिघेही थोडे थोडे कमी पडतात.

सगळा थकवा वयाचा नसतो

इथे जरा थांबून सांगायला हवं. वयाचा थकवा हळूहळू, वर्षावर्षाने वाढतो आणि विसाव्याने उतरतो. गेल्या नाताळला जमत होतं आणि यंदा जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागते, पायांवर सूज आहे, वजन उतरलंय, कशातच मन लागत नाही, असं असेल तर ते वयाच्या खाती घालू नये. रक्ताची कमतरता, थायरॉइड, ब-12 जीवनसत्त्वाचा अभाव, मधुमेह, अशक्त झालेलं हृदय, उदासीचा आजार, एखाद्या औषधाचा परिणाम, यांपैकी काहीही असू शकतं आणि यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत न दुखता नुसत्या विलक्षण थकव्याने, धापेने किंवा मळमळीने येतो. ‘कामं आटोपली की दाखवू’ म्हणून थांबू नका.

स्वीडनमध्ये 1998 ते 2013 या काळातल्या हृदयविकाराच्या झटक्यांच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या, तेव्हा नाताळच्या आदल्या दिवशी धोका 37 टक्क्यांनी वाढलेला दिसला, तोही रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक. तिथे नाताळचा मुख्य सण याच संध्याकाळी असतो. पंच्याहत्तरीपुढच्या आणि मधुमेह किंवा हृदयरोग असलेल्या लोकांमध्ये ही वाढ जास्त दिसली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास नोंदींवरचा आहे, त्यामुळे नेमकं कारण त्यातून सिद्ध होत नाही. पण सणाच्या ताणाकडे दुर्लक्ष करू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

रुबिन्स्टाइनने काय केलं

जो थकवा खरोखर वयाचाच आहे, त्याच्याशी जुळवून कसं घ्यायचं, याचं एक उदाहरण पाहू. आर्थर रुबिन्स्टाइन हा विसाव्या शतकातला थोर पियानोवादक. 1887 साली जन्मलेला हा माणूस 1976 पर्यंत मैफली करत होता. उतारवयात इतकं चांगलं कसं वाजवता, याचं त्याचं उत्तर पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या मांडणीमुळे प्रसिद्ध झालं. तो पूर्वीपेक्षा कमी रचना वाजवायचा. त्या थोड्या रचनांचा सराव जास्त करायचा. आणि द्रुत भाग येण्याआधी लय किंचित संथ ठेवायचा, म्हणजे पुढचा भाग ऐकणाऱ्याला वेगवान वाटे. निवड करायची, निवडलेल्यात जीव ओतायचा आणि जे उणं झालं ते युक्तीने भरून काढायचं: बाल्टेस दांपत्याने 1990 च्या सुमारास मांडलेल्या यशस्वी वार्धक्याच्या सिद्धांताचे हे तीन पाय.

नाताळला हे कसं लावायचं? आधी निवड. सात-आठ पदार्थांपैकी कोणते दोन केले नाहीत तर नाताळ झाला असं वाटणारच नाही? ते दोन घरी करायचे, बाकीचे बेकरीतून किंवा गावातल्या घरगुती पदार्थ करणाऱ्या बायकांकडून आणायचे. ही निवड सुनेने किंवा मुलाने परस्पर करू नये. ‘आई, तू बस, आम्ही बघतो,’ हे वाक्य प्रेमाने उच्चारलेलं असतं, तरी ऐकणारीला आपण आता घरात उपयोगाच्या राहिलो नाही असं वाटू शकतं. त्याऐवजी नोव्हेंबरमध्येच विचारावं, ‘आई, यंदा तुला काय स्वतःच्या हातचं हवंय?’ एखाद्या आजीला केक सोडवत नाही, पण परसदार आणि पडदे ती आनंदाने सोडेल. दुसरीला ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा गोठा स्वतः मांडायचा असतो आणि करंज्या कुणीही केल्या तरी चालतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे ओळखता येत नाही.

साखरेने मिळणारी सवड

कामं एका आठवड्यात न कोंबता जास्त दिवसांवर पसरायची तर पदार्थ टिकायला हवेत, आणि नाताळचे बरेच पदार्थ टिकण्यासाठीच जन्माला आलेत. पेरूच्या गराचं पेराड घ्या. भरपूर साखर घालून गर आटवला की उरलेलं पाणी साखर धरून ठेवते. जंतूंना आणि बुरशीला वाढायला मोकळं पाणी लागतं, ते मिळत नाही, म्हणून पेराड नीट ठेवलं तर महिनोन् महिने राहतं. दोदोलही गूळ आणि तेलामुळे टिकतो. कुलकुलांतलं पाणी तळताना निघून जातं आणि वर साखरेचं कवच चढतं, त्यामुळे हवाबंद डब्यात ती काही आठवडे कुरकुरीत राहतात. केकची फळं तर आधी कित्येक आठवडे रममध्ये मुरवायचीच असतात. ओल्या नारळाच्या सारणाची करंजी मात्र लवकर खवट होते, ती शेवटच्या दोन दिवसांसाठी राखायची. या हिशेबाने पेराड नोव्हेंबरमध्ये, कुलकुलं डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि मोठ्या कामाच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस पूर्ण मोकळा, असं बसवता येतं.

कुलकुलं तर बसून करायचंच काम. काट्याच्या पाठीला तेलाचं बोट लावायचं, बोराएवढी गोळी त्यावर अंगठ्याने दाबत पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, म्हणजे शंखावर असतात तशा रेघा उठतात. हे दीड मेटचं काम आहे. टेबलाभोवती चार पिढ्या बसल्या तर आजींचा हात सगळ्यांत चपळ ठरतो, कारण यात ताकदीपेक्षा सराव लागतो. तळणं तेवढं दुसऱ्या कुणी करावं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायच्या ताटांचं दडपणही मोठं असतं. वीस घरांना सहा-सहा जिन्नस, हे पंचेचाळिशीतलं माप. गोव्यात एक जुनी रीत आहे: ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तिथे गोड करत नाहीत, शेजारीच त्यांच्याकडे ताटं पाठवतात आणि परतफेडीची अपेक्षा कुणी ठेवत नाही. थकलेल्या हातांसाठीही शेजाराने असंच वागायला काय हरकत आहे? आजींच्या घरून फक्त कुलकुलांची पुडी आली तर तेवढीच घ्यावी आणि आपलं ताट पूर्ण भरून पाठवावं.

हात पूर्ण काढून घेऊ नयेत

आजींचं काम कमी करण्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. काळजीपोटी आजींना महिनाभर खुर्चीत बसवून ठेवलं तर झरा आणखी मंद होतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो स्नायू गेले. म्हातारपणी गेलेला स्नायू परत मिळवणं अवघड असतं. चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, हलकं वजन उचलणं हे वर्षभर चालू ठेवलं तर नव्वदीतही ताकद वाढू शकते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पुढच्या डिसेंबरची तयारी अशी जानेवारीतच सुरू होते.

मध्यरात्रीची मिस्सा

उरला ख्रिस्तजन्माच्या रात्रीचा प्रश्न. उतारवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. संध्याकाळी लवकर झोप येते, पहाटे लवकर जाग. त्यामुळे रात्री बाराची मिस्सा म्हणजे ऐन झोपेच्या वेळी जागरण, डिसेंबरची थंडी आणि परतताना अंधारातला रस्ता. बऱ्याच आजींना तरीही लवकरच्या मिस्सेला जायचा संकोच वाटतो, त्यात काहीतरी उणं आहे असं वाटतं. त्यांना हे सांगावं: व्हॅटिकनमध्येच 2009 मध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे 82 वर्षांचे असताना, त्यांच्यावरचा शीण कमी व्हावा म्हणून ही मिस्सा रात्री दहाला आणली गेली. पुढे पोप फ्रान्सिस यांच्या काळात, 2020 च्या साथीत, ती साडेसातला झाली आणि निर्बंध उठल्यावरही त्यांच्या काळात संध्याकाळीच राहिली. आपल्या चर्चमध्ये लवकरची मिस्सा आहे का, असेल तर किती वाजता, पुढच्या बाकांवर जागा धरता येईल का आणि परतताना गाडीने कोण सोडेल, हे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच विचारून ठेवावं. आणि बाराच्याच मिस्सेला जायचं असा आजींचा आग्रह असेल तर त्या दिवशी दुपारी दोन तास घरात सामसूम ठेवावी, त्यांना पडू द्यावं आणि रात्रीचं जेवण हलकं वाढावं.